बॉर्डर टाऊन म्हणतात, मग नकाशात बॉर्डर तीन मैल लांब का? (कोलंबस, न्यू मेक्सिको)

भटकी_जाई

मंडळी, प्रश्न एकच आहे पण त्याच्या शेपटीला अजून तीन-चार लोंबकळतायत, तेव्हा जरा दमानं वाचा.

गेल्या महिन्यात आम्ही एल पासोहून पश्चिमेकडे गाडीने निघालो होतो. इंटरस्टेटचा वैताग आला म्हणून हायवे ९ धरला, तो मेक्सिकोची बॉर्डर डावीकडे ठेवून जातो, रस्त्यावर चिटपाखरू नाही, दोन्हीकडे काटेरी झुडपं आणि सपाट माळ. सत्तरेक मैलांवर कोलंबस लागलं. ओहायोतलं मोठं नाही हं, न्यू मेक्सिकोतलं छोटं. तिथे रेल्वे स्टेशन आहे. म्हणजे स्टेशनची इमारत आहे, आत म्युझियम आहे, आणि समोर रूळच नाहीत! नवऱ्याला म्हणलं हे बघ, नवरदेवाशिवाय मांडव. तो म्हणाला झालं, आता रूळ कुठून कुठे जात होते ते सापडेपर्यंत तुला झोप लागायची नाही. आणि खरंच लागली नाही.

घरी आल्यावर यूएसजीएसच्या (म्हणजे अमेरिकन सरकारचं भूसर्वेक्षण खातं) टोपोव्ह्यू साईटवरून जुने टोपो नकाशे उतरवले, हे फुकट मिळतात हे मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं. दोन घेतले. एक १:२,५०,००० ची एल पासो शीट, रूळ जागेवर होते तेव्हाची, तिच्यात आडव्या काड्या मारलेली रेल्वेलाईन ठसठशीत दिसते पण गाव म्हणजे मुंगीएवढा ठिपका. दुसरी १:२४,००० ची, नंतरची, तिच्यात गाव चांगलं मोठं आहे पण ते शीटच्या उजव्या कडेला इतकं चिकटलंय की आता पडतं की काय. आणि तिच्यात पूर्व-पश्चिम इतक्या रेघा आहेत, अखंड, तुटक, दुहेरी, की त्यातली जुनी रेल्वे कुठली आणि मातीचा रस्ता कुठला काही उमजत नाही.

मग मी तो स्कॅन सॅटेलाइट फोटोवर बसवायला गेले. कडेला निळ्या खुणांपाशी जे आकडे असतात ते टाकून बसवला, तर अख्खा नकाशा खाली दक्षिणेला सरकलेला! स्टेशन पार भलतीकडेच. मोजलं तर २०० मीटरच्या आसपास. मी चुकले का नकाशा चुकलाय?

आणि मुख्य प्रश्न तो वर टायटलमध्ये. सगळीकडे ह्याला बॉर्डर टाऊन म्हणतात, पण नकाशात बॉर्डरची रेघ गावापासून चांगली आठ इंच खाली आहे, म्हणजे तीन मैलांच्या वर. बॉर्डरला लागून पलीकडे पालोमास आहे, ते बरोबर रेघेवर. मग हे गाव इतकं मागे का सरकून बसलंय? रुसल्यासारखं?

कंटूरवाला

नकाशाही चुकलेला नाही आणि तुम्हीही फारशा चुकलेल्या नाही आहात जाईताई, ह्या खड्ड्यात प्रत्येकजण एकदा पडतो, मी तीनदा पडलो.

ते कडेचे आकडे यूटीएमचे आहेत, म्हणजे जागा मीटरमध्ये पूर्व-उत्तर सांगणाऱ्या जाळीचे, बरोबर? ते १९२७ च्या नॉर्थ अमेरिकन डेटमवर आहेत, म्हणजे नॅड २७ (डेटम म्हणजे जागा मोजायला धरलेला पृथ्वीचा आकार आणि मूळ खूण). खाली डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, बघा. तुमचं सॉफ्टवेअर मात्र ते आकडे नॅड ८३ किंवा डब्ल्यूजीएस ८४ चे समजून बसलंय. १९२७ वालं सगळं मोजमाप कॅन्ससमधल्या मीड्स रँच नावाच्या ठिकाणच्या एका खुणेपासून काढलेलं, पृथ्वीचा आकार धरला होता क्लार्कने १८६६ मध्ये काढलेला. नंतर आकारच नवा धरला, त्यामुळे जमिनीवरचा तोच दगड नव्या हिशोबात यूटीएममध्ये सुमारे २०० मीटर जास्त उत्तर दाखवतो. तुम्ही जुना आकडा नव्या चौकटीत टाकलात, म्हणून नकाशा दक्षिणेला घसरला. थोडा पूर्वेलाही सरकला असेल, पन्नासेक मीटर, नीट बघा. सॉफ्टवेअरमध्ये शीट बसवताना नॅड २७ निवडा, जागच्या जागी येईल. किंवा सरळ टोपोव्ह्यूवरूनच जिओटिफ (जागेची माहिती आत असलेली चित्राची फाईल) उतरवा, तो आधीच बसवलेला असतो, जेपीजी घेऊ नका.

एवढं करूनही रेघ न रेघ जुळेल असं नाही. १:२४,००० ला अमेरिकन नकाशांचा नियम असा की ठळक खुणा तपासल्या तर शंभरातल्या नव्वद ४० फुटांच्या आत जागेवर असाव्यात. उरलेल्या दहांचं काय ते नियम सांगत नाही. तेव्हा रूळ शोधायला जाल तेव्हा १०-१२ मीटर इकडेतिकडे बघायची तयारी ठेवा.

गाव कडेला का, त्याचं कारण एकदम रुक्ष आहे. ही शीट साडेसात मिनिटांची, म्हणजे पूर्वेची कड येते १०७ अंश ३७ मिनिटं ३० सेकंदांवर. गाव १०७ अंश ३८ मिनिटं आणि वर काही सेकंदांवर. झालं, कडेपासून एक मैलाच्या आत. शीटा कापताना कुणी गाव बघत नाही, अंश-मिनिटं बघतात. तुम्हाला शेजारची पूर्वेकडची शीट पण लागणार, दोन्ही जोडल्याशिवाय स्टेशनमधून बाहेर पडणारी लाईन पुरी दिसायची नाही.

अजून एक, ही शीट "कुठल्या सालची" हा प्रश्न स्वतःला विचारताना जरा सांभाळून. खाली मार्जिनमध्ये हवाई फोटोचं साल वेगळं, जमिनीवर तपासणीचं वेगळं, छपाईचं वेगळं. काही शीटांवर जांभळ्या रंगात नंतरच्या सुधारणा छापलेल्या असतात, त्या नुसत्या फोटो बघून केलेल्या, तिथे पाय कुणी ठेवलेला नसतो. एकाच कागदावर दहा-पंधरा वर्षांचं अंतर असलेल्या गोष्टी शेजारी शेजारी सुखाने नांदतात.

अर्धवटराव

नवरदेवाशिवाय मांडव 😂 ताई तुमचा नवरा भला माणूस आहे, आमच्याकडे असं म्हणलं असतं तर गाडी तिथंच थांबवून मला उतरवलं असतं.

रूळमामा

मुख्य प्रश्नाचं उत्तर मी देतो कारण कंटूरवाल्यांनी त्याला हातच लावला नाही, त्यांना अंश-मिनिटांपुढे काही दिसत नाही (हलके घ्या हो).

गाव रुसलं नाही, गाव उठून रेल्वेकडे गेलं. पहिलं कोलंबस १८९१ मध्ये वसलं ते बॉर्डरलाच, पालोमासच्या समोर. मग १९०२ च्या सुमारास एल पासो अँड साऊथवेस्टर्न रेल्वेची लाईन आली ती तीन मैल उत्तरेकडून. स्टेशन तिकडे पडलं. आता वाळवंटात ज्या गावाला स्टेशन नाही त्या गावाचं काय होतं ते सांगायला नको, बघता बघता दुकानं, पोस्ट, माणसं सगळी स्टेशनपाशी. नाव तेच राहिलं, जागा बदलली. म्हणून "बॉर्डर टाऊन" ही पदवी जुन्या जागेची आणि नकाशातला ठिपका नव्या जागेचा.

आता विचाराल की लाईनच का तिथून गेली. तर ही रेल्वे प्रवाशांसाठी काढलेली नव्हतीच. फेल्प्स डॉज म्हणून तांब्याची मोठी कंपनी, अॅरिझोनात बिस्बीला त्यांच्या खाणी, डग्लसला भट्टी. तांबं बाहेर काढायला दुसऱ्याच्या रेल्वेवर अवलंबून राहायचं म्हणजे तो सांगेल ते भाडं. उत्तरेला डेमिंगवरून सदर्न पॅसिफिकची लाईन १८८१ पासून होतीच. तेव्हा ह्यांनी स्वतःची वेगळी लाईन टाकली, डग्लसकडून थेट एल पासोपर्यंत, डेमिंगच्या बरीच दक्षिणेला, बॉर्डरच्या कडेकडेने. तुमच्या १:२,५०,००० च्या शीटवर बोट ठेवून बघा, किती सरळ गेलीय. मध्ये डोंगर कमी, माळ सपाट, चढ नाही. वाफेच्या इंजिनाला दोन गोष्टी नको असतात, चढ आणि पाण्याचा तुटवडा. पहिली टाळली, दुसरी टाळता आली नाही, त्यामुळे ठराविक अंतराने पाण्याची टाकी, सायडिंग (गाडी बाजूला घ्यायचे जादा रूळ), आणि त्याला एक नाव. नकाशात हाचिता, हर्मानास, अशी नावं माळावर एकेकटी दिसतात ना, त्यातली बरीच अशीच, नाव रेल्वेने दिलेलं आणि रेल्वेबरोबरच ओस पडलेलं.

आणि मग १९२४ मध्ये ही लाईन सदर्न पॅसिफिकच्याच हातात गेली. ज्यांच्यापासून सुटका करून घ्यायला टाकली त्यांच्याच! आता एकाच मालकाच्या दोन समांतर लाईनी, एक डेमिंगवरून आणि एक कोलंबसवरून. मालक किती दिवस दोन्ही सांभाळणार. १९६१ मध्ये दक्षिणेकडची बंद केली, रूळ उखडले. म्हणून तुमच्या एका शीटवर काड्या आहेत आणि दुसरीवर नाहीत.

दुसऱ्या शीटवर रेल्वे ओळखायची कशी ते सांगतो, हे मला फार आवडतं. रूळ उखडल्यावर उरतो तो भराव, तो तुटक रेघेने दाखवतात आणि शेजारी "ओल्ड रेलरोड ग्रेड" लिहायची पद्धत आहे, पण ते प्रत्येक तुकड्यावर लिहीत नाहीत, त्यामुळे लेबल शेजारच्या शीटवर असू शकतं. लेबल नसेल तर वळणं बघा. माळावरचा रस्ता हा सेक्शनच्या रेघा धरून जातो, ते लाल एक-एक मैलाचे चौकोन आहेत ना, त्यांच्या कडेने, आणि वळतो तेव्हा काटकोनात वळतो. रेल्वेला काटकोन माहीत नाही. ती चौकोन बिकोन न बघता त्यांना तिरकी कापत जाते, आणि वळली तर इतकी सावकाश वळते की पट्टी लावल्याशिवाय कळत नाही.

मग कंटूर बघा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा. ओढ्यापाशी मातीचा रस्ता खाली उतरतो, ओलांडतो, वर चढतो. रेल्वे उतरत नाही, ती भराव घालून मोरी काढून सरळ जाते. कंटूर दोन ठिकाणी लाईनला कापत असेल आणि मध्ये लाईनवरचं अंतर १००० फूट असेल, कंटूर १० फुटांचे असतील, तर चढ झाला शेकडा एक. १:२४,००० वर १००० फूट म्हणजे अर्धा इंच. पट्टी घेऊन बसा, जिथे अर्ध्या इंचात दोन-तीन कंटूर ओलांडले जातायत ती रेघ रेल्वे असूच शकत नाही, तिथे लगेच फुली मारा.

भटकी_जाई

रूळमामा, तुम्ही पट्टी म्हणलात आणि मी खरंच पट्टी घेऊन बसले, सकाळचा चहा दोनदा गार झाला. आधी कंटूरवाल्यांचं ऐकून नॅड २७ केलं, आणि काय सांगू, स्टेशन खटकन स्टेशनवर येऊन बसलं! मला वाटलं होतं कुणीतरी १९६० च्या आसपास चुकीचं मोजलंय, आणि मी मनातल्या मनात त्या बिचाऱ्यांना चार शब्द सुनावले होते. मागे घेते.

पण एक सांगा, बॉर्डरची रेघ इतकी सरळ कशी? आणि तिच्यावर मध्ये मध्ये आकडे घातलेले छोटे चौकोन आहेत ते काय? शिवाय रेघेखाली नकाशा जवळजवळ कोरा. वर प्रत्येक विहीर, पवनचक्की, कुंपण, आणि खाली जणू पृथ्वीच संपली.

शीव_आणि_वेस

जाई, ह्या रेघेची गोष्ट माझी लाडकी आहे म्हणून आत शिरते, नाहीतर मी ह्या ग्रुपवर नुसती वाचक.

ती सरळ रेघ म्हणजे ३१ अंश ४७ मिनिटं उत्तर. तुझ्या शीटची खालची कड ३१ अंश ४५ मिनिटांवर, म्हणून रेघेखाली दोन मिनिटांची पट्टी उरते, कागदावर सहा इंच, ती मेक्सिको. अमेरिकन सर्वेअरने पलीकडे जाऊन मोजणी केली नाही तर तिथे छापणार काय, त्यामुळे बॉर्डरवरच्या बऱ्याच शीटांवर तो भाग असा रिकामा किंवा अर्धवट असतो.

पण ४७ मिनिटंच का, ह्याच्या मुळाशी एक चुकीचा नकाशा आहे! १८४८ मध्ये अमेरिका-मेक्सिको लढाई संपल्यावर ग्वादालूपे हिदाल्गोचा तह झाला, त्यात हद्द ठरवायला कुठला नकाशा धरायचा हे लिहून ठेवलं, तो डिस्टर्नेल नावाच्या न्यूयॉर्कच्या प्रकाशकाचा १८४७ चा नकाशा. मोजणीची माणसं प्रत्यक्ष गेली तेव्हा लक्षात आलं की ह्या नकाशात एल पासो खऱ्या जागेपेक्षा अर्धा अंश उत्तरेला आहे आणि रिओ ग्रांदे नदी दोन अंश पूर्वेला. म्हणजे तहात हद्द "एल पासोच्या उत्तरेकडून" असं लिहिलंय, आणि किती उत्तरेला ते नकाशावरून काढायचं, आता ते कागदावरच्या एल पासोपासून मोजायचं की जमिनीवरच्या? अमेरिकेचे बार्टलेट आणि मेक्सिकोचे गार्सिया कोंदे ह्यांनी तडजोड केली, ३२ अंश २२ मिनिटं धरायचं ठरवलं, आणि अमेरिकेत बोंबाबोंब झाली, कारण दक्षिणेकडून रेल्वे न्यायची तर सपाट वाट नेमकी त्या रेघेच्या खाली, मेक्सिकोच्या पदरात गेली.

शेवटी अमेरिकेने तो पट्टा विकतच घेतला. १८५३ च्या ३० डिसेंबरला अमेरिकेचा दूत गॅड्सडेन ह्याने सही केली, पुढच्या वर्षी मंजूर झालं, किंमत १ कोटी डॉलर. नवी हद्द अशी की नदीपासून ३१ अंश ४७ मिनिटांवर पश्चिमेला १०० मैल जायचं, मग खाली ३१ अंश २० मिनिटांपर्यंत उतरायचं, मग परत पश्चिमेला. न्यू मेक्सिकोच्या तळाशी जो बुटाच्या टाचेसारखा भाग आहे तो ह्या उतरण्यामुळे. तुझं कोलंबस त्या पहिल्या १०० मैलांच्या रेघेच्या उत्तरेला. म्हणजे बघ, पट्टा घेतला रेल्वेसाठी, आणि त्या पट्ट्यात मग खरंच रेल्वे आली, पन्नास वर्षांनी, तांब्यासाठी.

ते आकडेवाले चौकोन म्हणजे हद्दीचे खांब. पहिली मोजणी १८५५ मध्ये एमोरी आणि सालाझार ह्यांनी केली तेव्हा खांब अगदी मोजके आणि लांबलांब, काही नुसते दगडांचे ढीग. ढीग कोण राहू देतं, कुणी पाडले, कुणी उचलून सोयीच्या जागी नेले, मधल्या मधे कुणाचं कुरण कुठल्या देशात तेच कळेना. म्हणून १८९० च्या दशकात परत मोजणी करून २५८ खांब पक्के केले. नंबर रिओ ग्रांदेपासून सुरू, एक नंबर एल पासोपाशी, आणि २५८ पॅसिफिकच्या किनाऱ्यावर. तुझ्या शीटवरच्या खांबांचे नंबर पश्चिमेकडे वाढत जातायत का बघ.

कंटूरवाला

वा. तहात नकाशाचं नाव लिहिणं म्हणजे काय असतं ह्याचं ह्याहून चांगलं उदाहरण नाही. एक भर, बॉर्डरच्या कडेला ६० फूट रुंदीचा पट्टा १९०७ मध्ये थिओडोर रूझवेल्टने सरकारसाठी राखून ठेवला, कॅलिफोर्निया, अॅरिझोना आणि न्यू मेक्सिकोत. १:२४,००० वर ६० फूट म्हणजे एक मिलिमीटरसुद्धा नाही, तेव्हा नकाशात शोधू नका, बॉर्डरच्या रेघेच्या जाडीतच तो जातो.

तीच गत रुळांची. चार फूट साडेआठ इंचांचा गेज (दोन रुळांमधलं अंतर) ह्या स्केलला मिलिमीटरच्या सोळाव्या-सतराव्या हिश्शाएवढा. म्हणजे जी काडीवाली रेघ दिसते ती खऱ्या रुळांपेक्षा कितीतरी पट जाड काढलेली असते, आणि ती जाड रेघ, शेजारी रस्त्याची जाड रेघ, शेजारी स्टेशनचा काळा ठोकळा, सगळं बसवायचं तर एकमेकांना थोडं ढकलावं लागतं. म्हणून गावात ४० फुटांचा नियम फार ताणून धरू नये.

तोफखाना

तुम्ही सगळे इतकं बोललात आणि मेक्सिकन क्रांतीतल्या बंडखोर पांचो व्हिलाचं नाव कुणी घेतलं नाही, कमाल आहे राव. कोलंबस म्हणलं की पहिल्यांदा तेच.

९ मार्च १९१६, पहाटे सव्वाचारच्या आसपास. व्हिलाची माणसं पश्चिमेकडून कुंपण तोडून आली. आता नकाशा समोर ठेवा म्हणजे सगळं उलगडतं. रुळांच्या उत्तरेला गाव, दुकानं, हॉटेल, बँक. रुळांच्या दक्षिणेला कॅम्प फर्लाँग, तिथे अमेरिकन फौजेची १३ वी कॅव्हलरी, म्हणजे घोडदळ. म्हणजे हल्ला एकदम दोन्हीकडे झाला, रुळांच्या खाली सैन्यावर आणि वर गावावर, आणि मध्ये स्टेशन. हल्लेखोरांनी गावात आग लावली, हॉटेल पेटलं, आणि तीच त्यांच्या अंगावर आली कारण अंधारात त्यांना आडोसा होता तो गेला, पेटलेल्या हॉटेलच्या उजेडात ती माणसं रस्त्यावर लख्ख दिसायला लागली आणि दक्षिणेकडून मशीनगनवाल्यांना नेम धरता आला. स्टेशनातलं घड्याळ गोळी लागून ४:११ ला बंद पडलं.

पुढे व्हिलाला पकडायला जनरल पर्शिंगची अमेरिकन फौज इथल्या तळाच्या जोरावर मेक्सिकोत शिरली, मार्च १९१६ ते फेब्रुवारी १९१७. सगळा दारूगोळा, घोड्यांचा चारा, माणसं कोलंबसपर्यंत ह्याच रेल्वेने. विमानंसुद्धा, आठ कर्टिस जेनी, डब्यात घालून आणलेली. पण त्यापुढे घोडं अडलं, मेक्सिकोत सत्तेवर असलेल्या कारांझाने तिथल्या रेल्वेगाड्या वापरू दिल्या नाहीत. म्हणून मोटारट्रक आणले, आणि अमेरिकन फौजेने मोठ्या प्रमाणावर ट्रकवर भिस्त ठेवली ती पहिल्यांदा तिथे.

माझा मुद्दा एवढाच की १:२४,००० च्या शीटवर कॅम्प शोधायचा असेल तर "कॅम्प" असं लिहिलेलं शोधू नका, स्टेट पार्कचं नाव शोधा. पांचो व्हिला स्टेट पार्क, बरोबर कॅम्प फर्लाँगच्या जागेवर. ज्याने गाव जाळलं त्याचंच नाव पार्कला, हे मला अजून पचलेलं नाही.

रूळमामा

तोफखाना, सगळं मान्य, फक्त "हल्ला एकदम दोन्हीकडे झाला" ह्याचं श्रेय रुळांना द्या. त्या भरावाची उंची फार नसेल, पण सपाट माळावर तीन फुटांचा भराव पण भिंत असतो. गावाचे दोन भाग रेल्वेने पाडले होते आधीच.

पायी_पायी

जाईताई, तुम्ही परत जाणार असाल आणि तो भराव चालत बघायचा विचार असेल (असणारच) तर अनुभवाचे दोन शब्द. मी तिकडे नाही पण अॅरिझोनात अशाच एका उखडलेल्या लाईनवर चाललोय. जुना भराव सगळीकडे सरकारी असेल असं नाही, लाईन बंद झाल्यावर जमीन बऱ्याच ठिकाणी कुणाच्या ना कुणाच्या मालकीची झालेली असते, तेव्हा कुंपण दिसलं की आधी चौकशी. बॉर्डर पेट्रोलची गाडी येईल, हसून सांगायचं जुनी रेल्वे बघतोय, त्यांना सवय असते. थंडीत जा, सापांसाठी. आणि पाणी दुप्पट.

दुसरं म्हणजे चालताना खाली बघत चाला. रूळ नाहीत पण खडी असते, कोळशाची राख काळीकाळी मिळते, क्वचित स्लीपरचा खिळा. ते उचलून पिशवीत टाकू नका, फोटो काढा आणि तिथंच ठेवा. आणि सॅटेलाइटवर शोधताना भरावाची वरची बाजू बघा, म्हणजे जिकडून उतारावरून पाणी येतं ती. पाणी अडतं म्हणून तिकडे झुडपं दाट आणि गडद, खालच्या बाजूला विरळ. रूळ उखडून साठ वर्षं झाली तरी झाडांना अजून माहीत आहे लाईन कुठे होती.

अर्धवटराव

झाडांना माहीत आहे आणि जीपीएसला २०० मीटर माहीत नाही. वा रे तंत्रज्ञान.

कंटूरवाला

जीपीएसला माहीत आहे हो, विचारणाऱ्याने डेटम सांगायला पाहिजे 😄

भटकी_जाई

मंडळी, सापडली!!

कालचा अख्खा शनिवार गेला. शेजारची पूर्वेकडची शीट उतरवली, दोन्ही जोडल्या, नॅड २७ करून सॅटेलाइटवर ठेवल्या. आणि मी आधी जिला रेल्वे समजत होते ती रेल्वे नव्हतीच, ती गावाच्या पश्चिमेला एका ठिकाणी चक्क काटकोनात वळते, म्हणजे मामांच्या नियमाने बाद. खरी लाईन हायवेच्या जवळूनच जाते, इतकी जवळ की आम्ही त्या दिवशी तिच्या शेजारून सत्तर मैल गाडी चालवत आलो आणि आम्हाला पत्ता नाही. ज्या उंचवट्याला मी गाडीतून बघून "पाण्याचा बांध असेल" म्हणाले होते तो भराव होता, नवऱ्याने लगेच आठवण करून दिली, त्याला असल्या वेळी सगळं आठवतं.

झुडपांचं पण खरं निघालं. वरच्या अंगाला गडद पट्टा, खाली फिकट, आणि जिथे मोरी असावी तिथे तो पट्टा खाली पंख्यासारखा पसरलाय. असे मी एका मैलात सहा मोजले.

मग पट्टी घेऊन बॉर्डरवरचं जुनं कोलंबस शोधायला गेले. पालोमासच्या बरोबर वर, रेघेच्या अलीकडे. शीटवर तिथे गावाची कसलीच खूण नाही, नुसता रस्ता सरळ उत्तरेला स्टेशनकडे गेलेला. शीवताई, खांबांचे नंबर खरंच पश्चिमेकडे वाढतात, आणि कुंपणाची रेघ खांबाखांबांतून जाते.

एक अडलंय, पूर्वेच्या शीटवर लाईनला लागून एक छोटा निळा गोल आहे, गावापासून बराच लांब, आजूबाजूला घर नाही दार नाही, नाव पण नाही. मामा, तुमची पाण्याची टाकी असेल का ती?

रूळमामा

निळा गोल म्हणजे पाणी नक्की, पण रेल्वेची टाकी की गुरांची, हे नकाशा सांगणार नाही. लाईनपासून किती लांब आहे ते मोजा. इंजिन काही चालत जाऊन पाणी पीत नाही, टाकी रुळाला अगदी खेटून असते. गोल आणि रेघ ह्यांच्यात दोन मिलिमीटर जरी मोकळं असलं तर जमिनीवर ते ४८ मीटर झाले, मग ती गुरांची. आणि तिथे लाईनला समांतर दुसरी छोटी रेघ, सायडिंगची, शंभर-दोनशे मीटर जरी दिसली तर मला लगेच कळवा, मीच येतो थंडीत.